दिवाळी ते होळी : ध्यानात ठेवायचे दिवस

(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. नंदुरबार जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी.)



पाऊस सरला, ज्वारी-मक्याची खळी झाली, कापसाची वेचणी चालू आहे आणि मिरचीचा पहिला लाल तोडा बाजारात जाऊ लागला आहे. आता दिवाळी येईल. दिवाळी झाली की डोंगरातल्या पाड्यांवरून ऊसतोडीला निघायची गडबड सुरू होईल, ती मंडळी परत येतील थेट होळीला. या चार-साडेचार महिन्यांत आपल्या जिल्ह्यात जत्रा आहेत, बाजार आहेत, ग्रामसभा आहे, विम्याच्या आणि पीकपाहणीच्या मुदती आहेत. यातली एखादी तारीख हुकली तर दंड कुणी करत नाही, पण खिशातून पैसे मात्र जातात. आणि ज्याला पुढची तारीख ठाऊक नसते तो नडीला माल विकतो. म्हणून आजचं भाषण सगळं तारखांचं आहे. पत्रक घरात खुंटीला अडकवून ठेवावं. वाचता येत नसेल त्यांनी शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावं.

आधी एक छोटी बातमी. गावातले साहेब तेच आहेत, नावं मात्र बदलली आहेत. २०२४ पासून तलाठ्यांना ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणतात, ग्रामसेवकांना ‘ग्रामपंचायत अधिकारी’. २०२५ साली कृषी सहाय्यकांचं नाव ‘सहाय्यक कृषी अधिकारी’ झालं. कागदावर नवं नाव दिसलं तर कुणी नवा माणूस आला असं समजू नका. मी आज बोलताना जुनीच नावं घेणार आहे, कारण आपल्या तोंडात तीच बसली आहेत.

आता पेरणीचं बोलू. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. कापूस काढून गहू पेरणारे बरेच जण डिसेंबरात जातात. पंधरा नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पन्न कमी येतं, असा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा सांगावा आहे. वेळेवर पेरल्यास हेक्टरी १०० किलो बियाणं पुरतं, उशीर झाला तर १२५ किलो लागतं. म्हणजे बियाणं जास्त आणि गहू कमी! कापसाला शेवटची चार बोंडं धरून पाणी देत बसण्यापेक्षा रान मोकळं केलेलं बरं. फरदड ठेवली तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या सालापर्यंत घर मिळतं, हे तर आपण अनेकदा सांगत आलो आहोत.

हरभऱ्याविषयी मात्र थोडं जास्त बोलायचं आहे, आणि ते नवापूर, अक्कलकुवा या भागातल्या भात लावणाऱ्या शेतकऱ्यांशी. भात निघाल्यावर खाचरं होळीपर्यंत उघडी पडतात. घरातली कर्ती माणसं तोडीला गेलेली, मागे म्हातारे आईबाप. त्यांना पाणी धरणं, फवारणी करणं झेपत नाही, म्हणून रान पडीक राहतं. पण भात निघता निघता जमिनीत जी ओल असते तिच्यावर हरभरा येतो. त्याला राखण लागते, कष्ट फार लागत नाहीत. म्हातारीनं शेंडे खुडले तर घरी भाजी होते आणि फांद्याही फुटतात. अट एकच, ओल उडायच्या आत पेरणी झाली पाहिजे. कोरडवाहू पेरणी ऑक्टोबरअखेरपर्यंत आटपावी. भात उशिरा निघाला तर कापणीच्या पाठोपाठ चार दिवसांत पाभर घालावी. ‘दिवाळी होऊ द्या, मग बघू’ म्हणाल तर ओल गेली समजा.

‘विजय’ जातीचं बियाणं हेक्टरी ६५ ते ७० किलो लागतं. ‘दिग्विजय’ किंवा ‘विशाल’ टपोऱ्या दाण्याचे, त्यांना १०० किलो धरा. पेरण्याआधी बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावं, त्यानं मर रोग आटोक्यात राहतो. नंतर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियमचं पाकीट गुळाच्या थंड पाण्यात कालवून लावावं आणि सावलीत सुकवून पेरावं. एवढं काम तोडीला निघण्याआधी एका दिवसात होतं.

पेरणी झाली की विमा. इथे मोठा बदल झाला आहे आणि तो अजून पुष्कळांच्या कानावर गेलेला नाही. एक रुपयात पीक विमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला होता. तो २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता शेतकऱ्याला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो. खरीप पिकाला विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बी पिकाला दीड टक्का, आणि कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकाला पाच टक्के. हिशेबापुरतं धरा, हरभऱ्याची विमा रक्कम हेक्टरी ३६,००० रुपये आहे, तर तुमचा हिस्सा ५४० रुपये होईल. भरपाई ठरते ती मुख्यतः महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावरून. आपल्या एकट्याच्या रानाचं नुकसान झालं म्हणजे पैसे येतीलच, असं गृहीत धरू नये. विमा उतरवायचा की नाही हे आपापलं रान पाहून ठरवा. माझं मत विचाराल तर ज्याचं सगळं पोट कोरडवाहू रानावर आहे त्यानं उतरवावा.

२०२५-२६ च्या रब्बीत मुदत अशी होती : ज्वारीला ३० नोव्हेंबर, गहू, हरभरा आणि रब्बी कांद्याला १५ डिसेंबर, उन्हाळी भुईमूग आणि उन्हाळी भाताला ३१ मार्च. या तारखा सहसा तशाच राहतात, तरी आपल्या कृषी सहाय्यकाला विचारून खात्री करून घ्यावी. शेवटच्या दोन दिवसांत केंद्रावर रांग लागते आणि नेमकं तेव्हाच मशीन चालत नाही, हा अनुभव कुणाला नाही?

विम्याबरोबर दुसरी गोष्ट जोडलेली आहे, ती म्हणजे ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात पिकाची नोंद आपल्याच मोबाईलवरून करायची पद्धत आली. रब्बीची नोंद साधारण डिसेंबरात सुरू होते. फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, घरी ओट्यावर बसून चालत नाही. कागदावर विमा हरभऱ्याचा आणि सातबाऱ्यावर रान पडीक, असं झालं की अर्ज अडकतो. मग जो माणूस डिसेंबरात बारडोलीकडे ऊस तोडत असेल त्यानं काय करावं? एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. पाड्यावरचा एखादा शिकलेला मुलगा निघण्याआधीच ठरवून ठेवा. त्याला आपला गट नंबर आणि शेताची बांधाबांधानं हद्द दाखवा. आणि शेतकरी ओळख क्रमांक काढला नसेल तर तो आता काढाच. २०२५ पासून शेतीखात्याच्या योजनांना तो लागतो.

आता मिरचीकडे येतो. आपल्या जिल्ह्याचा जो काही डंका बाजारात वाजतो तो मिरचीचा. देशात गुंटूरचं नाव मोठं, पण नंदुरबार आणि शेजारच्या दोंडाईच्याची मिरचीही दूरवरचे व्यापारी ओळखतात. ओली लाल मिरची बाजार समितीत येते, व्यापारी घेतात आणि गावाबाहेरच्या पथारींवर वाळत घालतात. नंदुरबारला एसटीनं येताना त्या लाल पथारी सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तिथे राबणाऱ्या बायाही आपल्याच भागातल्या. मात्र शेतकऱ्याच्या नुकसानीची एक जागा या व्यवहारात आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ती म्हणजे मिरचीतलं पाणी.

ताज्या, टवटवीत लाल मिरचीत शंभर किलोला साधारण ७५ किलो पाणी असतं. खरा माल २५ किलो. ती पूर्ण वाळवली म्हणजे २७-२८ किलो भरते, कारण वाळलेल्या मिरचीतही दहा टक्के ओल राहतेच. नासकी, फटकी वेगळी काढली की हाती २५-२६ किलो. आता दुसरी तऱ्हा पाहा. मिरची झाडावरच पिकून सुकू दिली, मग तोडली, दोन-चार दिवस ढिगात पडली. ती चिमली. तिच्यात पाणी निम्म्यावर आलं. अशा शंभर किलो मिरचीतून ५५ किलो वाळलेली मिरची निघते. म्हणजे काट्यावर वजन तेच शंभर, पण एकीतून २७ किलो आणि दुसरीतून ५५! व्यापाऱ्याला हे हातात मूठभर मिरची घेतली की कळतं. आपल्याला कळत नाही आणि ‘ओल्या मिरचीचा आजचा भाव काय?’ एवढंच आपण विचारतो. चिमलेल्या मिरचीला टवटवीत मिरचीच्या दुप्पट भाव मिळाला तर तो बरोबरीचा भाव आहे. दीडपट मिळाला तर आपण तोट्यात आहोत, जरी ऐकायला तो चढा वाटला तरी.

याची परीक्षा घरी करता येते. तोडलेल्या मालातली कुठूनही एक किलो मिरची मोजून घ्या. ताटात पसरून पत्र्यावर कडक वाळवा. बिया आत खुळखुळू लागल्या, देठ मोडला की तटकन तुटला, म्हणजे वाळली. परत मोजा. २७०-२८० ग्रॅम भरली तर माल टवटवीत होता. चारशे भरली तर तो बराच चिमलेला होता. पुढच्या तोड्याला भाव ठरवताना हा आकडा तोंडपाठ असू द्या.

मग स्वतःच का वाळवू नये, असं कुणी विचारील. वाळवावी, पण हिशेब करून. समजा ओल्या मिरचीला किलोला २५ रुपये मिळतात. शंभर किलोचे २,५०० झाले. वाळून हाती २६ किलो आली तर किलोला ९६ रुपये मिळाले तेव्हा कुठे मुद्दल निघालं. वर पसरायची, उलटायची, निवडायची मजुरी, बारदान, गाडीभाडं वेगळं. हे सगळं धरून वाळलेल्या मिरचीचा भाव सव्वाशेच्या पुढे असेल तरच त्या खटाटोपात अर्थ आहे. आकडे बाजाराप्रमाणे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

आणि जोखीम आहे ती अवकाळी पावसाची. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर उत्तर महाराष्ट्रात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, ती अजून कुणी विसरलेलं नाही. मिरची एक रात्र भिजली की तिचा रंग जातो, बुरशी धरते. बुरशी धरलेल्या मिरचीत एक प्रकारचं विष तयार होतं आणि अशी मिरची परदेशी पाठवणारा व्यापारी हात लावत नाही. त्यासाठी मिरची मातीवर पसरू नये, ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर पसरावी. थर पातळ असावा, दिवसातून तीन-चार वेळा उलटावी. संध्याकाळी ढीग करून झाकावी, कारण मार्गशीर्ष-पौषात दवानेही माल ओला होतो. पसरायला जेवढी ताडपत्री लागते तेवढीच झाकायला वेगळी जवळ असू द्या. रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ऐकूनच पथारी घाला. वाळलेली मिरची पोत्यात भरताना मोडू नये म्हणून काही जण पाणी शिंपडतात. वजनही वाढतं म्हणे! ते करू नका. पोत्याच्या पोटात ती काळी पडते आणि पुढच्या वेळी तुमचं पोतं व्यापारी फोडून बघतो.

कापसाबद्दल दोनच शब्द. सरकी-कापूस हमीभावानं विकायचा असेल तर ओलावा पाहिला जातो. आठ टक्क्यांपर्यंत पुरा भाव, बारापर्यंत कपात, बाराच्या वर खरेदी नाही. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव होता, आणि भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर विकायला मोबाईलवर आधी नाव नोंदवावं लागलं. सकाळी दव असताना वेचलेला कापूस त्याच दिवशी गाडीत भरू नये.

आता तोडीला जाणाऱ्या मंडळींशी बोलतो. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर आणि शहादा-नंदुरबारच्या काही गावांतून ही मंडळी निघतात. गुजरातेत सुरत, बारडोलीकडे, काही पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर. आपण मजूर म्हणून जाता, पण आपणही शेतकरीच आहात. आपलं रान इथे आहे. म्हणून हे पत्रक आपल्यासाठीही आहे.

मुकादमाकडून उचल घेतली असेल तर त्याच दिवशी वहीत लिहून घ्या : तारीख, रक्कम, टनाला दर काय ठरला, किती कोयते. दोघांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. लिहिलेलं असलं की होळीला हिशेब करताना भांडण होत नाही. पंधरा दिवसांनी किती टन भरले तेही त्याच वहीत चढवत जा. घरातली एखादी मुलगी सातवी-आठवी शिकलेली असेल तर वही तिच्या हाती द्या.

रेशनकार्ड घरी पेटीत ठेवून जाऊ नका. ९ ऑगस्ट २०१९ रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्यं रेशनसाठी एकमेकांना जोडली गेली. आपल्या कार्डावरचं धान्य गुजरातेतल्या दुकानातही अंगठा देऊन मिळू शकतं. पडावावर बसून बनियाच्या दुकानातून उधारीनं पीठ घेणारे कितीतरी लोक आहेत, त्यांना हे ठाऊकच नाही. कार्डावरच्या सगळ्यांची अंगठ्याची पडताळणी निघण्याआधी गावच्या दुकानात करून घ्या. थोडे घरी आणि थोडे बाहेर राहणार असतील तर घरच्यांनी इथे धान्य घ्यावं, बाहेर गेलेल्यांनी तिथे आपला वाटा घ्यावा.

लेकरांचं काय? आजी-आजोबा घरी असतील तर शाळकरी पोरांना मागे ठेवा आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना तसं सांगा. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय करता येते, पण पालकांनी वेळेवर सांगितलं तरच. गाडी सुटल्यावर सांगून उपयोग नाही. तान्ही मुलं आणि गरोदर बायका बरोबर जाणार असतील तर लसीचं कार्ड आणि दवाखान्याचा कागद कापडात गुंडाळून बरोबर घ्यावा.

गाडीचंही बोलायला हवं. २०२५ च्या ऑक्टोबरात, धनत्रयोदशीला, अस्तंब्याची यात्रा करून परतणाऱ्या भाविकांची पिकअप गाडी चांदसैली घाटात उलटली आणि माणसं दगावली. अस्तंब्याची यात्रा यंदाही भरेल, त्यानंतर तोडीच्या गाड्याही घाट उतरतील. मालाच्या गाडीत माणसं, भांडी, कोंबड्या, सरपण एकावर एक रचून रात्री घाट उतरायचा, हे थांबलं पाहिजे. मुकादमाला सांगा : दोन खेपा कर, पण दिवसा कर. हे एकट्यानं सांगून होत नाही. पाड्यानं मिळून सांगितलं तर मुकादम ऐकतो, कारण कोयते त्यालाही हवे असतात.

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती. तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरेल, घोड्यांचा बाजार लागेल. घोडे बघायला सगळा देश येतो, आपण जातो ते शेतीची अवजारं आणि संसाराच्या वस्तू घ्यायला. जत्रेत जरूर जावं. जनावर विकत घ्यायचं असेल तर मात्र घाई करू नये. कानात बिल्ला आहे का, लस टोचल्याचा दाखला आहे का, हे विचारा. लम्पीचा आजार २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात दिसला आणि महिनाभरात राज्यातले गुरांचे बाजार बंद करावे लागले. नवं जनावर घरी आणलं की पंधरा-वीस दिवस आपल्या गोठ्यापासून लांब बांधा. घोडा घेणाऱ्यांनी ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा कागद मागावा. तो रोग माणसालाही होतो.

कोंबड्यांविषयी नवापूरकरांना नव्यानं सांगायला नको. १८ फेब्रुवारी २००६ रोजी देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात जाहीर झाला. २०२१ साली पुन्हा आला, तोही फेब्रुवारीतच. तेव्हा संक्रांतीनंतर डोळे उघडे ठेवावेत. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना डॉक्टर असतो, पाड्यावरच्या दहा-पंधरा कोंबड्यांना कोण विचारतो? म्हणून एक गोष्ट नीट ऐका. रोग आला आणि सरकारनं कोंबड्या मारल्या तर जिवंत मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. चार कोंबड्या एकदम मेल्या की लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. लपवून ठेवाल तर उरलेल्याही जातील आणि हातात काही पडणार नाही. मेलेले पक्षी रंगावलीत किंवा नाल्यात टाकू नका, चुना टाकून खोल पुरा.

२६ जानेवारीला ग्रामसभा. आपल्या जिल्ह्यात अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण आणि नंदुरबार, शहाद्यातली काही गावं पेसा कायद्याखाली येतात. तिथल्या ग्रामसभेला इतर गावांपेक्षा जास्त अधिकार आहेत. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट अशा ग्रामपंचायतींना येतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. अडचण अशी की जानेवारीत निम्मा पाडा बाहेर असतो. मग जे चार लोक येतात तेच ठरवतात. यावर उपाय आहे. निघण्याआधी पाड्याची बैठक घ्या, बंधारा हवा की विहिरीचं पाणी शेतापर्यंत न्यायला पाइप हवा, ते ठरवा, कागदावर लिहा आणि मागे राहणाऱ्या बायामाणसांच्या हाती द्या. ग्रामसभेत कागद वाचला जाईल आणि ठराव लिहून होईल तोवर त्यांनी उठू नये.

पौष-माघात तूर निघेल. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. म्हणजे ती आपल्या मातीची म्हणून कायद्यानं ओळखली जाते. तरीही बहुतेक तूर आपण अख्खीच विकतो. घरच्या जात्यावर क्विंटलला ६५ ते ७० किलो डाळ पडते, चुणी गुरांना होते. सगळी नाही तर दोन पोती तरी डाळ करून बघावी. पण ही गोष्ट जमते ती ज्याला होळीआधी पैशाची नड नाही त्यालाच, आणि तिथेच गाडी अडते. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात. धडगाव, मोलगीकडे माणूस मावत नाही. मग काठीची राजवाडी होळी. त्या आठवड्यात कपडे, दागिने, गूळ, डाळ्या घ्यायला म्हणून घरातली तूर, मोर, हरभरा पायलीनं बाहेर जातो, आणि व्यापाऱ्याला तो आठवडा आपल्यापेक्षा जास्त पाठ असतो. सणाला जेवढे पैसे लागतील तेवढ्याचा माल संक्रांतीच्या सुमारास, चार बाजारांचा भाव विचारून विकून ठेवावा. पैसे बचत गटात किंवा पोस्टात घालावेत. उरलेल्या धान्याला होळीच्या आठवड्यात हात लावू नये. बियाण्याचं मडकं तर वेगळंच बांधून ठेवावं आणि ते कुठे आहे हे घरातल्या म्हातारीलाच ठाऊक असू द्यावं.

होळीला परत आलेल्या मंडळींनी आठ दिवसांत दोन कामं करायची आहेत. मुकादमाचा हिशेब वही समोर ठेवून मिटवायचा. आणि बँकेचं पासबुक भरून घ्यायचं, म्हणजे आपण नसताना कुठला हप्ता आला, कुठला अडकला, ते कळेल. अडकला असेल तर त्याचा अर्ज मार्चअखेरच्या गर्दीआधी द्यावा. उन्हाळी भुईमूग पेरला असेल त्यांची विम्याची मुदतही ३१ मार्चच आहे. त्यानंतर आंब्याच्या कैऱ्या उतरू लागतील आणि आमचूर वाळवायचे दिवस येतील. त्याचं भाषण फाल्गुनात देऊ.